पर्यावरण खात्याचा मनुष्यबळ आणि आयटी आराखडा एकाच तक्त्यात कसा बसवायचा

पर्यावरण खात्यात माणसांची नस्ती (फाईल) आस्थापना शाखेत फिरते, आयटीची नस्ती आयटी सेलमध्ये फिरते, आणि दोन्ही वर जातात त्या वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या टिप्पण्यांसह. मग होतं काय, तर ऑनलाइन मॉनिटरिंगची सिस्टिम चालू होते पण तिच्या स्क्रीनसमोर बसायला कुणी मंजूरच नसतं, किंवा नवे क्षेत्र अधिकारी रुजू होतात आणि त्यांना लॉगिन, टॅब, गाडी यातलं काहीच महिनोन्‌महिने मिळत नाही. हे टाळायचं असेल तर दोन्ही आराखडे एकाच वेळी, एकाच तक्त्यात आणि कामापासून सुरुवात करून बनवावे लागतात. कसे बनवायचे ते इथे पायरीपायरीने लिहितोय, म्हणजे ज्या कक्ष अधिकाऱ्याच्या किंवा अवर सचिवाच्या टेबलावर हे काम येऊन पडतं त्याला उद्या सकाळी सुरुवात करता येईल.

उदाहरण महाराष्ट्राचं घेतोय कारण इथली रचना आपल्याला माहितीची आहे. वर दिल्लीत केंद्राचं पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय, इथे मंत्रालयात राज्याचा पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग, आणि त्याच्या अखत्यारीत १९७० साली स्थापन झालेलं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, ज्याचं मुख्यालय सायनला आणि प्रादेशिक व उप-प्रादेशिक कार्यालयं जिल्ह्याजिल्ह्यात. विभाग स्वतः छोटा आहे, धोरणं आणि मंजुऱ्या बघतो. नाल्यात बाटली बुडवून नमुना घेणारा माणूस मंडळाचा असतो. त्यामुळे फक्त विभागाचा आराखडा केला तर तो कागदच राहतो, मंडळ धरूनच करा.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. मंडळाकडे संमती शुल्काचा, म्हणजे कारखाना चालवायच्या परवानगीसाठी उद्योग भरतात त्या शुल्काचा, स्वतःचा पैसा असतो, त्यामुळे सर्व्हर, सेन्सर, सॉफ्टवेअर तुलनेने लवकर खरेदी होतं. पण नवीन पद निर्माण करायचं तर शासनाची मान्यता, वित्त विभाग, उच्चस्तरीय सचिव समिती हा सगळा रस्ता चालावा लागतो. म्हणजे यंत्र काही महिन्यांत येतं आणि माणूस काही वर्षांत. देशभरातल्या राज्य मंडळांत मंजूर पदांपैकी निम्म्याच्या आसपास पदं रिकामी आहेत हे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणासमोरच्या (एनजीटी) सुनावण्यांत पुढे आलं, आणि त्याच काळात पोर्टलांची संख्या मात्र दरवर्षी वाढतेय. हा वेगातला फरक लक्षात ठेवून सगळं वेळापत्रक लावायचं.

पायरी १ : पदांची यादी बाजूला ठेवा, कायद्याने बांधलेल्या कामांची यादी काढा

बहुतेक जण सुरुवात करतात ती मंजूर पदं, भरलेली पदं, रिक्त पदं या तीन रकान्यांपासून. तो तक्ता लागणारच आहे, पण नंतर. आधी वही घ्या आणि लिहा की कायदा आपल्याकडून नेमकं काय आणि किती दिवसांत मागतो.

१९७४ च्या जल कायद्यात संमतीच्या अर्जावर चार महिन्यांत निर्णय झाला नाही तर संमती दिली असं मानलं जातं, तेही बिनशर्त. हे वाक्य नीट वाचा, कारण त्यात अर्ज 'सर्व बाबतींत पूर्ण' असला पाहिजे असंही म्हटलंय. म्हणजे घड्याळ कधी सुरू झालं हे अर्ज पूर्ण झाल्याच्या तारखेवर ठरतं, आणि ती तारीख सिस्टिममध्ये वेगळी नोंदली जात नसेल तर उद्या कोर्टात कुणाचंही म्हणणं खरं ठरू शकतं. एका कलमातून एक माणसाचं काम निघालं, म्हणजे छाननी, आणि एक सॉफ्टवेअरची गरज निघाली, म्हणजे 'पूर्ण झाल्याची तारीख' हा रकाना. प्रत्येक कलमाला असंच विचारायचं.

२००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेत मूल्यांकन समितीला ६० दिवस आणि त्यापुढच्या निर्णयाला ४५ दिवस दिलेत. जनसुनावणी मंडळाने घ्यायची आहे, तिचे दिवस वेगळे. २०२४ च्या दुरुस्तीने जल कायद्यातले बरेच गुन्हे फौजदारीतून काढून दंडावर आणले आणि त्यासाठी न्यायनिर्णय अधिकारी आला, म्हणजे नोटीस, सुनावणी, आदेश, अपील असं पूर्ण नवं काम तयार झालं. ते कुठल्याच जुन्या आकृतिबंधात (मंजूर पदांच्या रचनेत) असणार नाही. प्लास्टिक, ई-कचरा, बॅटरी, टायर यांची ईपीआरची (उत्पादकाने आपल्या मालाच्या कचऱ्याची जबाबदारी घ्यायची पद्धत) केंद्रीय पोर्टलं आली, त्यांच्या नोंदींची पडताळणी जमिनीवर कुणीतरी करावी लागतेच.

ही यादी ४०-५० ओळींची होते. माहिती अधिकारातले अर्ज, एनजीटीची प्रतिज्ञापत्रं, विधिमंडळाचे तारांकित प्रश्न, 'आपले सरकार' पोर्टलवरच्या तक्रारी हे पण त्यात घालायचं, कारण हे काम कुणाच्याच जॉब चार्टमध्ये नीट दिसत नाही आणि अधिवेशनाच्या दिवसांत अख्खं कार्यालय त्यातच असतं.

पायरी २ : प्रत्येक कामाला किती तास लागतात ते मोजा

इथे अंदाज चालत नाही. दोन उप-प्रादेशिक कार्यालयं निवडा, एक रासायनिक कारखान्यांचं, म्हणजे तारापूर किंवा लोटे परशुरामसारखं, आणि एक साखरेच्या पट्ट्यातलं, म्हणजे कोल्हापूर किंवा सोलापूर. तिथल्या लोकांबरोबर बसून महिनाभर साधी नोंद ठेवा. अर्ज उघडला, कागद कमी निघाले म्हणून परत पाठवला, परत आला, साइटवर गेलो, जाण्यायेण्यात किती वेळ गेला, टिप्पणी लिहिली, वर गेली, शेरा येऊन खाली आली. नोंद ठेवताना लोकांना स्पष्ट सांगा की हे कुणाची हजेरी पकडायला नाहीये, नाहीतर आकडे खोटे येतात आणि पुढचं सगळं त्याच खोट्यावर उभं राहतं.

मोजताना प्रवासाचा वेळ वेगळा धरा. मुंबईत पाच किलोमीटरला जो वेळ लागतो त्यात चंद्रपूरला एक तालुका ओलांडून होतो, पण चंद्रपूरच्या अधिकाऱ्याची हद्द एवढी मोठी की दिवसात दोनच साइट होतात. राज्यभर 'प्रति अधिकारी इतके उद्योग' असा एकच सरसकट दर लावतात तो याच कारणाने चुकतो.

पायरी ३ : एका माणसाचं खरं वर्ष किती तासांचं असतं ते काढा

पाच दिवसांचा आठवडा २०२० पासून आहे. वर्षात कामाचे दिवस साधारण २६०, त्यातून सार्वजनिक सुट्ट्या, किरकोळ रजा, अर्जित रजेतला थोडा भाग वजा करा, मग निवडणुकीचं काम, न्यायालयातल्या तारखा, आढावा बैठका, प्रशिक्षण, मंत्र्यांचा दौरा. प्रामाणिकपणे मोजलं तर मूळ कामासाठी १८० दिवस हाताशी राहतात असं धरा, दिवसाला सहा तास खरं काम. म्हणजे १,०८० तास. तुमच्या नोंदीतून वेगळा आकडा आला तर तो घ्या, पण जो घ्याल तो टिप्पणीत उघड लिहा, कारण वित्त विभाग पहिला प्रश्न तिथेच विचारणार.

आता एक गणित करून बघू, आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. समजा एका कार्यालयात वर्षाला ६०० संमती अर्ज येतात आणि एका अर्जाला सगळं मिळून ९ तास जातात. झाले ५,४०० तास, म्हणजे पाच माणसं. त्यात ४० ठिकाणी दरमहा नमुने, प्रत्येकी ४ तास, म्हणजे १,९२० तास, आणखी जवळपास दोन माणसं. आता बघा, त्याच हद्दीत ३० कारखान्यांना प्रदूषण सतत मोजणारे ऑनलाइन सेन्सर आहेत आणि प्रत्येकाकडून आठवड्याला दोन अलर्ट येतात. एक अलर्ट उघडून, कारखान्याला फोन करून, कारण लिहून बंद करायला २० मिनिटं धरली तरी आठवड्याला २० तास, वर्षाला १,०४० तास. म्हणजे अख्खा एक माणूस फक्त सेन्सरने निर्माण केलेल्या कामाला लागतो. हा माणूस कुठल्याच आकृतिबंधात नाही. म्हणूनच अलर्ट न वाचता साचत जातात, आणि साचलेला अलर्ट सेन्सर नसण्यापेक्षा वाईट, कारण कागदावर आपल्याला सगळं कळलेलं असतं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये अतिप्रदूषणकारी १७ प्रकारच्या उद्योगांना ही ऑनलाइन यंत्रणा बसवायला सांगितली. त्या अलर्टकडे बघायला किती माणसं लागतील हा हिशोब तेव्हापासूनच त्या यंत्रणेच्या खर्चात धरायला हवा होता असं माझं ठाम मत आहे.

पायरी ४ : वर्षाचं कॅलेंडर मांडा, सरासरीवर जाऊ नका

वर्षभराची सरासरी काढली की सगळं ठीक दिसतं आणि जूनमध्ये कार्यालय कोलमडतं. भिंतीवर बारा महिन्यांचा तक्ता लावा आणि त्यावर भरत जा. पर्यावरण मंजुरीच्या अटींचे सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला येतात. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण आणि जैववैद्यकीय कचऱ्याचा वार्षिक अहवाल ३० जूनला. मध्ये ५ जूनचा पर्यावरण दिन, त्यात विभागाची माणसं आठवडाभर गुंततात. पावसाळ्यात रात्री गुपचूप पाणी सोडल्याच्या तक्रारी. मग गणपती, विसर्जनाच्या आधी आणि नंतर पाण्याचे नमुने, रात्री आवाजाचं मोजमाप. ३० सप्टेंबरला उद्योगांचं पर्यावरण विवरणपत्र. दिवाळीत परत आवाज आणि हवा. दिवाळीच्या सुमाराला साखरेचा गाळप हंगाम सुरू होतो आणि कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगरकडे मळीच्या पाण्याच्या तक्रारी येऊ लागतात. डिसेंबरला नागपूर अधिवेशन. थंडीत मुंबई-पुण्याची हवा बिघडते आणि बांधकामांच्या धुळीवर पथकं नेमावी लागतात.

हा तक्ता भरला की दोन गोष्टी आपोआप दिसतात. एक म्हणजे कुठल्या महिन्यात पोर्टलवर लोड येणार, तेव्हा सर्व्हरची दुरुस्ती किंवा नवीन व्हर्जन टाकायचं नाही, जूनचा शेवटचा आणि सप्टेंबरचा शेवटचा आठवडा तर अजिबात नाही. दुसरं म्हणजे माणसं कुठून कुठे तात्पुरती हलवता येतील. गाळप बंद असतं तेव्हा साखर पट्ट्यातला अधिकारी जूनच्या विवरणांची छाननी घरच्या कार्यालयात बसून दुसऱ्या जिल्ह्यासाठी करू शकतो, फाईल ऑनलाइन असेल तर. सॉफ्टवेअरमुळे माणसांची खरी बचत होते ती अशा ठिकाणी.

प्रयोगशाळेचं कॅलेंडर वेगळं करा, तिथे आठवड्याचे वार मोजावे लागतात. आपल्याकडे बीओडीची, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीची, चाचणी २७ अंशाला तीन दिवस ठेवून करतात. सोमवारी लावलेला नमुना गुरुवारी वाचायचा, मंगळवारचा शुक्रवारी, पण बुधवारी लावला तर शनिवार येतो आणि गुरुवारी लावला तर रविवार. शुक्रवारचा परत सोमवारी वाचता येतो. म्हणजे एकतर शनिवार-रविवार पाळी लावा आणि तेवढी माणसं मागा, नाहीतर नमुने गोळा करायचे दिवस असे ठरवा की प्रयोगशाळेत ते योग्य वारी पोचतील. हा निर्णय क्षेत्र अधिकाऱ्याच्या दौऱ्यावर अवलंबून, आणि दौरा गाडीवर अवलंबून. प्रयोगशाळा सहायकाचं पद मागताना हा वारांचा तक्ता जोडा, मोठमोठ्या परिच्छेदांपेक्षा तो जास्त पटतो.

हवेच्या मॅन्युअल केंद्रांचंही तसंच. हवा मोजण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आठवड्यातून दोन वेळा, २४ तास, म्हणजे वर्षाला १०४ मोजमापं अपेक्षित आहेत. रात्री फिल्टर बदलायला कुणीतरी लागतं. काही ठिकाणी हे कॉलेजांकडे दिलं जातं, मग तिथल्या परीक्षा आणि सुट्ट्या पण तुमच्या कॅलेंडरवर आल्या.

पायरी ५ : कुठलं काम माणसाचं, कुठलं सिस्टिमचं

आता प्रत्येक ओळीसमोर ठरवा. मी तीन प्रश्न विचारतो. यात नजर लागते का, यात निर्णय आहे का, आणि हे चुकलं तर ते कुणा अधिकाऱ्याच्या नावावर जाणार का? तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर ते सिस्टिमला द्या. फी मोजणं, कागद आहेत का बघणं, स्मरणपत्रं पाठवणं, मुदत संपत आलेल्या संमतींची यादी काढणं, विवरणातल्या बेरजा जुळवणं, यात अधिकाऱ्याचा एक मिनिटही जाता कामा नये.

अलर्टचं मात्र मधलं आहे. सेन्सर बंद पडला, कॅलिब्रेशन चालू होतं, वीज गेली, असे अलर्ट सिस्टिमने आधीच वेगळे काढले तर माणसाकडे खरे तेवढेच जातात. वरच्या गणितातला एक माणूस अर्ध्यावर येऊ शकतो. पण त्यासाठी नियम कुणीतरी लिहावे लागतात आणि तो लिहिणारा प्रक्रिया समजणारा अभियंता किंवा शास्त्रज्ञ असायला हवा, सॉफ्टवेअर कंपनीचा मुलगा कितीही हुशार असला तरी कापड डाइंगच्या सांडपाण्याचा सीओडी (घाण मोजायचं रासायनिक माप) आकडा कधी संशयास्पद म्हणायचा हे त्याला कळणार नाही.

इथे गुजरातचा अनुभव सांगायलाच हवा. तिथल्या मंडळाबरोबर अर्थतज्ज्ञांनी केलेल्या प्रयोगात असं दिसलं की निवडक कारखान्यांच्या तपासण्या दुपटीहून जास्त केल्या तरी सरासरी प्रदूषण फारसं हललं नाही, कारण अनुभवी अधिकारी आधीपासूनच आपल्या अंदाजाने जास्त घाण करणाऱ्यांकडे जात होते. आणि दुसऱ्या प्रयोगात, कारखान्याने स्वतः ऑडिटर नेमून त्याला पैसे देण्याऐवजी ऑडिटर चिठ्ठी पद्धतीने नेमला, पैसे सामायिक निधीतून दिले आणि काही ऑडिट परत तपासले, तर अहवाल खरे येऊ लागले आणि कारखान्यांनी प्रदूषण पण कमी केलं. आपल्या आराखड्यासाठी याचा अर्थ असा की नुसतं 'भेटी वाढवण्यासाठी इतकी पदं' असं लिहिलं तर ते कमकुवत आहे. कुणाकडे जायचं हे ठरवायला अधिकाऱ्याच्या हातात चांगली माहिती असणं, आणि कुणी जायचं हे संगणकाने सोडतीने ठरवणं, या दोन्हीची सोय लागते. पूर्ण सोडत नको, कारण जुन्या अधिकाऱ्याला वासावरून कळतं ते सोडतीला कळत नाही. काही टक्के भेटी अधिकाऱ्याच्या समजुतीवर राखून ठेवा आणि त्या तशा नोंदवा.

पायरी ६ : माहितीची ओळख एक करा, सॉफ्टवेअर नंतर

हा भाग सगळ्यात कंटाळवाणा वाटतो आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात. एकच कारखाना संमतीच्या सिस्टिममध्ये एका नंबरने, घातक कचऱ्यात दुसऱ्या, ऑनलाइन सेन्सरमध्ये तिसऱ्या आणि परिवेशवर चौथ्या नावाने असतो. परिवेश हे केंद्राचं एक खिडकी पोर्टल ऑगस्ट २०१८ मध्ये सुरू झालं आणि आता त्याची दुसरी आवृत्ती चालू आहे, पर्यावरण, वन, वन्यजीव आणि किनारपट्टी मंजुऱ्या त्यावर जातात, म्हणजे राज्याला स्वतःचं वेगळं काही बांधण्याआधी त्याच्याशी जोडणी कशी होईल ते बघायलाच हवं.

जीएसटी नंबरने कारखाने जुळवू असं हमखास कुणीतरी सुचवतं. तो नंबर साधारणपणे राज्याला एक असतो, त्यामुळे एकाच कंपनीचे तारापूर आणि कुरकुंभ दोन्ही प्लांट एका नंबरखाली येतात. खात्रीचा मार्ग म्हणजे प्रत्येक जागेला स्वतःचा कायमचा क्रमांक, आणि सोबत अक्षांश-रेखांश, तोही अधिकाऱ्याने गेटवर उभं राहून टॅबवरून घेतलेला. गावांची नावं टाइप करू देऊ नका, पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक स्वराज्य संस्था डिरेक्टरीतले कोड वापरा. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर, आणि जिथे नावावर शोध चालायचा तिथे एकाच जिल्ह्याच्या दोन याद्या झाल्या. कोड असता तर काहीच अडलं नसतं.

जुन्या मराठी फायलींचं काय करायचं हे पण आत्ताच ठरवा. श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेले जुने आदेश युनिकोडमध्ये आणले नाहीत तर ते शोधात सापडत नाहीत, नुसतं स्कॅन केलं तर चित्र होतं. सगळं आणायची गरज नाही. चालू संमती, चालू कोर्ट प्रकरणं आणि बंद करण्याचे आदेश एवढं आधी आणा, बाकी स्कॅन करून ठेवा.

हे काम कायम बघणारा एक माणूस प्रत्येक प्रादेशिक कार्यालयात लागतो. तो प्रोग्रामर नसावा, नोंदी सांभाळायची सवय असलेला वरिष्ठ लिपिकसुद्धा उत्तम करतो, फक्त त्याची बदली दर तीन वर्षांनी करताना आधी त्याच्या जागी येणारा माणूस तयार करा.

पायरी ७ : आता आकृतिबंध आणि भरती

आता मंजूर-भरलेली-रिक्त तक्ता काढा आणि पायरी ३ च्या तासांसमोर ठेवा. त्यात चौथा रकाना घाला, पुढच्या पाच वर्षांत कोण कधी निवृत्त होतंय. राज्य शासनात बहुतेकांचं वय ५८, जन्मतारीख सेवापुस्तकात आहे, म्हणजे ही अशी एकच गोष्ट आहे जी आपल्याला वर्षांआधी नक्की माहीत असते, तरीही निवृत्तीच्या महिन्यात धावपळ होते. ज्यांच्या डोक्यात जुनी प्रकरणं आहेत त्यांच्यासोबत शेवटचे सहा महिने एक कनिष्ठ अधिकारी बसवा.

रिक्त पदांत तीन प्रकार असतात आणि तिन्हींचं औषध वेगळं. पदोन्नतीची पदं रिकामी असतील तर ज्येष्ठता यादी आणि विभागीय पदोन्नती समिती अडलीय, तिथे भरतीची मागणी करून उपयोग नाही. सरळसेवेची असतील तर बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची क्रमवारी) तपासून घेतलीय का बघा, तिथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. आणि काही पदं अशी असतात जी आता लागतच नाहीत, त्यांचं रूपांतर मागा. टंकलेखकांची रिकामी पदं डेटा किंवा जीआयएसच्या (संगणकी नकाशांच्या) पदात बदलून मागितली तर एकूण खर्च फारसा वाढत नाही आणि प्रस्ताव पुढे सरकायची शक्यता नव्या पदापेक्षा बरीच जास्त.

आयटीची पदं मागताना सेवाप्रवेश नियम आणि पदोन्नतीची साखळी सोबतच लिहा. ज्याला वरचं पद नाही असा एकटा प्रोग्रामर टिकत नाही. नियम बदलायला सामान्य प्रशासन, वित्त, विधी असा प्रवास आहे, म्हणून कंत्राटी माणूस घेता त्याच दिवशी नियमबदलाची नस्ती पण सुरू करा. सगळंच बाह्यस्रोतावर टाकून चालणार नाही. २०२३ मध्ये राज्यात बाह्यस्रोत भरतीचा शासन निर्णय निघाला आणि त्याच वर्षी रद्दही झाला, ज्यांचा आराखडा फक्त त्यावर उभा असेल ते अधांतरी राहतील. माझा नियम असा आहे, सही, नमुना, पासवर्ड आणि पुरावा या चार गोष्टी ज्याच्या हातात जातात तो माणूस खात्याचा असावा.

आणीबाणीचा वाटा पण धरा. मे २०२४ मध्ये डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाला तसं काही झालं की आसपासच्या कार्यालयांची माणसं आठवडेच्या आठवडे तिकडे जातात आणि इकडे चार महिन्यांचं घड्याळ चालूच असतं. दहा टक्के तास राखीव ठेवले तर ते वाया जात नाहीत.

पायरी ८ : आयटीची खरेदी आणि सुरक्षितता

खरेदीच्या अटींत काय असायलाच हवं ते थोडक्यात. सोर्स कोड आणि डेटा खात्याचा. करार संपल्यावर डेटा वापरता येईल अशा साध्या स्वरूपात परत मिळेल, तेही वेगळे पैसे न घेता. होस्टिंग एनआयसीवर (केंद्राची माहिती-तंत्रज्ञान संस्था) किंवा केंद्राच्या यादीतल्या क्लाउडवर. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या ऑडिटरकडून सुरक्षा तपासणी झाल्याशिवाय साइट लाइव्ह नाही. देखभाल किमान पाच वर्षांची धरून किंमत मागा, नाहीतर पहिल्या वर्षी स्वस्त दिसलेली सिस्टिम तिसऱ्या वर्षी बंद पडते. मोबाइल ॲप नेटवर्कशिवाय चाललं पाहिजे, गडचिरोलीत आणि सह्याद्रीच्या घाटात याशिवाय इलाज नाही. आणि कार्यालयातले संगणक मोजताना विंडोज १० वरचे किती ते वेगळं काढा, त्याचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

सुरक्षिततेत माणसांचा प्रश्न कुणी विचारत नाही. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. रविवारी पहाटे घटना झाली तर कोण बघणार, कुणाला फोन करणार, कुणाला सिस्टिम बंद करायचा अधिकार आहे? नावं, फोन आणि पर्यायी नावं लिहून ठेवा. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि जवळपास दोन आठवडे काम कागदावर चाललं. आपल्याकडे तसं झालं तर संमतीचा अर्ज, नमुन्याची नोंद, आदेश कागदावर कसे चालवायचे, याचे छापील फॉर्म प्रत्येक कार्यालयात असले पाहिजेत. बॅकअप दुसऱ्या शहरात हवा. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा किती फायली गेल्या हे जुन्या लोकांना विचारा. महाड, चिपळूण, कोल्हापूरकडच्या कार्यालयांत तर सर्व्हर आणि नमुन्यांचे फ्रीज तळमजल्यावर ठेवूच नका, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण बघितलेत.

पायरी ९ : दोन्ही मागण्या एकाच टिप्पणीत, योग्य महिन्यात

राज्याचं बजेट मार्चमध्ये मांडलं जातं, विभागांकडून अंदाज त्याच्या कितीतरी आधी जातात. त्यामुळे तुमचा तक्ता सप्टेंबरअखेर तयार पाहिजे. राहिलं तर पुरवणी मागण्या, पावसाळी अधिवेशनात किंवा नागपूरला, पण त्यात पदं क्वचितच बसतात, साहित्य बसतं. म्हणजे परत तोच वेगातला फरक.

टिप्पणीत प्रत्येक मागणी जोडीने लिहा. 'अमुक कार्यालयांत अलर्ट प्रणाली, त्यासोबत प्रत्येकी एक पद, पद मंजूर होईपर्यंत अमुक कार्यालयातून तमुक तास वर्ग.' यंत्र मिळालं आणि पद नाकारलं तर काय थांबेल तेही त्याच ओळीत. मंडळाच्या निधीतून आयटी खर्च होणार असला तरी तो आकडा विभागाच्या टिप्पणीत दाखवा, नाहीतर वर बसलेल्याला अर्धंच चित्र दिसतं. आणि कामगार संघटनांना हा तक्ता पाठवण्याआधी दाखवा. त्यांना तासांचं गणित समजतं, बऱ्याचदा आपल्यापेक्षा चांगलं, आणि चुकलेलं काम तेच दाखवून देतात.

पायरी १० : दोन कार्यालयांत चालवून बघा, मग राज्यभर

पायरी २ ची तीच दोन कार्यालयं घ्या. एक पूर्ण हंगाम जाऊ द्या, म्हणजे साखरेच्या कार्यालयात एक गाळप आणि रासायनिक कार्यालयात एक पावसाळा. प्रशिक्षणासाठी आयगॉट कर्मयोगी या सरकारी प्रशिक्षण पोर्टलवर कोर्स आहेत, ते लोकांनी करावेत, पण खरं शिकणं टेबलाशेजारी होतं. प्रत्येक कार्यालयात एका चटकन शिकणाऱ्या माणसाला दोन महिने इतर कामातून मोकळं करून बाकीच्यांना शिकवायला बसवा, आणि ते तास तक्त्यात धरा. जुनी पद्धत आणि नवी पद्धत दोन्ही समांतर चालू ठेवायचा काळ आधीच जाहीर करा, दोन महिने पुरे, त्यानंतर कागदी नोंदवही बंद. हा शेवट जाहीर केला नाही तर लोक वर्षानुवर्षं दोन्हीकडे भरत बसतात आणि सॉफ्टवेअरने काम दुप्पट केलं असं म्हणतात, आणि ते अगदी खरं असतं.

मोजायचं काय? चार महिन्यांच्या मुदतीत निर्णय झालेले अर्ज, न बघता तीन दिवसांहून जास्त पडलेले अलर्ट, नमुना घेतल्यापासून अहवाल हातात येईपर्यंतचे दिवस, आणि तक्रारदाराला पहिलं उत्तर किती दिवसांत गेलं. एवढे चार आकडे दर महिन्याला कार्यालयाच्या सूचना फलकावर आणि वेबसाइटवर लावा. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ स्वतःहून माहिती द्यायला सांगतंच, आणि पंचगंगेकाठच्या किंवा तारापूरच्या माणसाला ते बघायचा हक्क आहे.

तक्ता दरवर्षी ऑगस्टमध्ये परत उघडा. नवे नियम आले का, कुठलं काम सिस्टिमकडे गेलं, कुठल्या पदाला माणूस मिळाला, अलर्टचे तास किती निघाले. तक्ता ठेवायची जबाबदारी आस्थापनेचा एक आणि आयटीचा एक अशा दोघांच्या नावाने शासन परिपत्रकात लिहा, आणि दोघांची बदली एकाच वर्षी होणार नाही एवढं बघा.